कोमट आवाज

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं त्या वर्षांत मी तिथे वायरमन होतो आणि सरावलीत चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. ही झाली लोकांना माहीत असलेली ओळख. मला माहीत असलेली ओळख वेगळी होती. माझ्या मते मी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा कलावंत होतो आणि पोटासाठी वायरी ओढत होतो. या मताचा माणूस बोईसरपासून समुद्रापर्यंत एकच होता, आणि तो रोज सकाळी माझ्या आरशात दाढी करायचा.

गिटार मी स्वतः बनवली होती. बांधकामावर परदेशातून यंत्रं यायची ती लाकडी खोक्यांतून. त्या खोक्यांच्या फळ्या लोक जळणाला नेत. त्यातली एक जाड फळी मी आणली आणि करवतीने कापून तिला गिटारचा आकार दिला. बायको, उषा, म्हणाली की पाट चांगला झालाय, फक्त एका बाजूला कंबर जास्त घेतली. दांडी एका मोडक्या साध्या गिटारची होती. तारांची थरथर पकडून ती विजेच्या वायरीत सोडणारा जो भाग असतो, त्याला पिकप म्हणतात. तो मी टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक काढून, त्याच्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळून तयार केला. त्याची वायर आमच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागच्या बाजूला जोडली की गिटारचा आवाज रेडिओतून यायचा.

म्हणजे दोन आवाज यायचे. एक माझ्या वाजवण्याचा. दुसरा भुंग्यासारखा, एकसारखा घूंऽऽ असा, जो मी वाजवत असलो काय आणि नसलो काय, चालूच राहायचा. घरातल्या विजेची ती गुणगुण माझा पिकप इमानेइतबारे पकडायचा. चाळीमागच्या वर्कशॉपात वेल्डिंग सुरू झालं की भुंगा चवताळायचा. लग्नानंतर बरेच दिवस उषाला यातलं मी काय करतो आणि आपोआप काय होतं हे कळत नव्हतं. एकदा मी गिटार ठेवून पाणी प्यायला उठलो, तर ती चुलीपासून म्हणाली, "हे आत्ताचं बरं वाजवलंत."

चाळीच्या गणपतीत मी दोन वर्षं वाजवलं. लोकांनी कौतुक केलं. "मशीन जोरात आहे," असं बऱ्याच जणांनी येऊन सांगितलं. मी ते नम्रपणे स्वीकारलं.

तिसऱ्या वर्षी, थंडी संपत आली असताना, वॉलेस नावाच्या अमेरिकन इंजिनियरच्या बंगल्यावर पंखा दुरुस्त करायला मला पाठवलं. वॉलेस साहेब उंच, शांत माणूस. बांधकामावर नळांचे जोड तपासायचं त्याचं काम. मी शिडी लावली आणि वर चढताना खाली पाहिलं, तर कोचावर एक इलेक्ट्रिक गिटार आडवी पडलेली. मधासारख्या रंगाची, चकचकीत. माझा पाय एक पायरी चुकला.

साहेबाने माझी नजर पाहिली आणि पंखा झाल्यावर गिटार जोडून दाखवली. बटण दाबलं, पण आवाजच नाही. मला वाटलं, वायर तुटली. वायरमन असल्यामुळे मी लगेच प्लगकडे धावलो. साहेबाने मला हाताने थांबवलं आणि एक तार छेडली. स्वच्छ, गोल आवाज खोलीभर पसरला. मागे भुंगा नव्हता. विजेवर चालणारी गिटार गप्प बसू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग त्याने समजावून सांगितलं. माझं इंग्रजी तारा आणि फ्यूज यांच्यापुरतं, पण हे तारांचंच होतं, म्हणून समजलं. या पिकपला हमबकर म्हणतात. यात एकाऐवजी दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी असतात, एकमेकींच्या उलट जोडलेल्या. विजेची गुणगुण दोघींत शिरते, पण उलटसुलट शिरते, म्हणून एकीचं दुसरी खोडून काढते. तारेचा सूर मात्र, खालच्या लोहचुंबकाची टोकंही उलट असल्यामुळे, दोघी मिळून वाढवतात. मी मान डोलावत राहिलो, जणू हा शोध मीच लावणार होतो आणि केवळ सवड झाली नाही.

"मी पावसाच्या आधी घरी जाणार," साहेब म्हणाला. "येताना गिटार दोन होत्या. एकीची मान जहाजात मोडली. तिच्यातली पुढच्या आणि मागच्या पिकपची जोडी काढून ठेवली आहे. मला एक जोडी पुरे. दुसरी तू घे. एक ब्राइट आहे, एक वॉर्म. दोन्ही ऐकून निवड. रविवारी ये, बायकोला घेऊन ये."

घरी येऊन मी डिक्शनरी उघडली. वॉर्म म्हणजे कोमट.

"आवाज कोमट कसा असंल?" उषा म्हणाली. आमच्या संगमनेरकडचं तिचं बोलणं. "कोमट आंघोळीचं पाणी असतं."

"कलेतला शब्द आहे तो," मी म्हणालो.

"मग हात लावून बघा आधी."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पण रविवारी साहेब सोल्डरिंगची कांडी आणायला आत गेला, तेव्हा टेबलावर ठेवलेल्या सुट्या जोडीला मी बोट लावून पाहिलं. गार होती. ही ब्राइट असणार, असं मी मनाशी ठरवलं. नंतर कळलं की तीच वॉर्म होती.

रविवार यायच्या आधी मी सगळ्या साइटवर बोलून ठेवलं होतं की एका तांत्रिक निवडीसाठी अमेरिकन साहेबाने मला बोलावलंय. पालघरचा लाउडस्पीकरवाला चिंतू तेव्हा हनुमान जयंतीच्या कार्यक्रमाचं ठरवायला सरावलीत आला होता. त्यालाही मी ब्राइट आणि वॉर्म यांतला फरक समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग तुमी काय करनार?"

"निवड करणार."

"दोन्ही देत नाय का तो?"

चिंतूला कलेतलं कळत नव्हतं.

बंगल्यावर उषा कोचाच्या अगदी कडेला बसली आणि मडमेने दिलेला चहा तिने बशीत ओतू की नको या विचारात गार केला. साहेबाने आधी आपल्या गिटारमधली जोडी वाजवून दाखवली. ती ब्राइट. मी डोळे मिटून मान उभी हलवली. मग त्याने ती काढून दुसरी बसवली, मी सोल्डरिंगची कांडी धरली, आणि त्याने तेच परत वाजवलं. मी डोळे मिटून मान आडवी हलवली. फरक दाखवायला माझ्याकडे एवढंच होतं. त्या माणसाच्या बोटांतून दोन्ही सारखेच गोड वाटत होते. त्याने पत्र्याच्या डब्याला तार बांधली असती तरी मी डोळे मिटले असते.

"काय वाटतं?" मी उषाला हळूच विचारलं.

"दोन्ही छान. पण ते त्यांचे हात आहेत ना."

आणि नेमकं साहेबाने गिटार माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, तू वाजव, वाजवणार तूच आहेस.

गिटारमध्ये तेव्हा वॉर्म जोडी होती. माझा एक ठरलेला तुकडा होता, गणपतीत वाजवायचो तोच, तो मी वाजवला. काय सांगू. माझे सूर जाडजूड झाले होते. एकातून दुसरा मऊपणे निघत होता, आणि बोट चुकलं तरी तो चुकलेला सूर आधीच्या सुराच्या खांद्यावर मान टाकून निवांत पडून राहत होता. मला प्रथमच स्वतःचं वाजवणं ऐकत राहावंसं वाटलं. मी तुकडा दोनदा वाजवला.

"आता ब्राइट," साहेब म्हणाला, आणि जोडी पुन्हा बदलली.

तोच तुकडा, तीच बोटं. पण आता प्रत्येक सूर वेगळा, धुतल्यासारखा लख्ख. माझी प्रत्येक चूक रांगेतून एक पाऊल पुढे येऊन आपलं नाव सांगत होती. आतल्या खोलीत मडम कपाट आवरत होती, ती थांबली. उषाने पदर सारखा केला. मी तुकडा अर्ध्यावर सोडला.

"वॉर्म," मी म्हणालो.

"नक्की?"

"येस सर. आय ॲम वॉर्म मॅन."

साहेब हसला. त्याने जोडी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला की चांगली निवड आहे, हा पिकप जास्त 'फर्गिव्हिंग' आहे. मी थँक्यू म्हणालो. घरी येऊन परत डिक्शनरी उघडली. फर्गिव्हिंग म्हणजे क्षमाशील.

"म्हणजे तुम्हाला क्षमा करणारा," उषा म्हणाली.

मी म्हणालो की हाही कलेतला शब्द आहे.

जोडी बसवायला फळीत मोठे खड्डे करावे लागले. मी पटाशी इतक्या उत्साहात चालवली की एक खड्डा आरपार गेला आणि मागून बोट घातलं की पुढून दिसायचं. तिथे पत्रा ठोकला. वायरी जोडल्या, रेडिओ लावला, व्हॉल्व्ह तापू दिले. आवाज नाही. मी सगळं उघडलं, सोल्डर तपासलं, परत लावलं. आवाज नाही. पुन्हा उघडायला लागलो तेव्हा उषा म्हणाली, "वाजवून तरी बघा."

वाजवलं, तर वाजत होतं. साहेबाच्या बंगल्यावर ज्या शांततेचं मला एवढं नवल वाटलं होतं, ती स्वतःच्या घरात आल्यावर मी ओळखली नव्हती. रेडिओचं खोकं लाकडी, त्याचा स्पीकर मोठा. आवाज पोटातून यावा तसा येत होता. मी रोज संध्याकाळी वाजवू लागलो. भुंगा गेल्यामुळे आता मी थांबलो की सगळं थांबायचं, आणि उषाच्या चेहऱ्यावरून मला दिसायचं की तिला माझं थांबणं आता नेमकं कळतं.

हनुमान जयंतीला देवळापुढच्या पटांगणात कार्यक्रम होता. चिंतू पालघरहून दोन कर्णे आणि ॲम्प्लिफायर घेऊन आला. मी गिटार त्याच्या यंत्राला जोडली. वाजवण्याआधी मी माइकवर छोटंसं भाषण केलं. हम म्हणजे विजेची गुणगुण काय असते, हमबकर म्हणजे काय, आणि कोमट आवाजाचं कलेत काय स्थान आहे. समोर चाळीतली माणसं होती, गावातली होती, साइटवरचे उत्तरेकडचे वेल्डर होते. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं की अजून देव जन्मायचाय का.

मग मी वाजवायला लागलो.

एवढं करूनही एक गोष्ट माझ्यासारख्या वायरमनच्या ध्यानात आली नव्हती. कर्णा हा पत्र्याचा असतो. त्याच्यातून जाड आवाज निघतच नाही. तुम्ही त्यात समुद्र ओतला तरी तो पलीकडून पिपाणी काढतो. माझी निवडलेली, दोनदा ऐकून पारखलेली ऊब कर्ण्याच्या नरड्यातच राहिली, आणि बाहेर आली ती टोकदार, पातळ, किनरी किणकिण. क्षमा नावालाही उरली नाही. आणि पाठीमागे आता भुंगाही नव्हता. दोन वर्षं ज्या भुंग्याला मी शिव्या घातल्या, तोच माझं सगळं झाकून नेत होता हे मला तिथे, तीनशे माणसांसमोर, तुकड्याच्या मध्यावर समजलं.

मी थांबलो नाही. कलावंत थांबत नाही असं कुठेसं ऐकलं होतं. तुकडा पुरा केला, शेवटची तार हाताने दाबली आणि मान वर केली. टाळी नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, पण रागाने नाही. वाट बघत होते.

पुढे बसलेल्या एका वेल्डरने अदबीने सांगितलं, "भाईसाब, आराम से मिला लीजिए सुर. हम लोग बैठे हैं."

चिंतूला वाटलं, लोकांना धीर द्यावा. त्याने माइक ओढून घेतला. "मंडळी, सूर लागत हाय. बन्सीभाऊ आता चालू करतील."

मी खुंट्या उगाच इकडेतिकडे पिळल्या. मग चिंतूच्या कानात सांगितलं की बिघाड झालाय, पुढचा कार्यक्रम घे. पुढे भारूड होतं. ते फार रंगलं.

दुसऱ्या दिवशी उषाने माझ्या आवडीची डाळवांगी केली, त्यावरून मी प्रकरण किती गंभीर आहे ते ओळखलं. गिटार मी दाराआड उभी करून ठेवली. साइटवर कुणी विचारलं की सांगायचो, पार्ट यायचाय. वॉलेस साहेब जाताना भेटला तेव्हा त्यालाही सांगितलं की आवाज उत्तम आहे. ते खोटं नव्हतं. आवाज उत्तमच होता.

पंधरवडा गेला असेल. एका संध्याकाळी शेजारच्या रत्नाबाई आल्या. पंढरी फिटरची ही बायको, सिन्नरकडची, पन्नाशीची, आवाज खडा. दर गुरुवारी त्यांच्या ओट्यावर बायकांचं भजन असायचं. उषा तिथे टाळ वाजवायला जायची. रत्नाबाई आत आल्या, बसल्या नाहीत.

"बन्सीभाऊ, तुमचं ते आमच्या भिंतीतून ऐकू येतं. आता बंद आहे, पण यायचं."

"त्रास झाला असेल तर—"

"झाला ना. पण ती सगळ्यात जाड तार तेवढी वाजायची, तेव्हा नाही व्हायचा. ती बरी वाटायची. आमची पेटीवाली पालघरला राहायला गेली. खाली कुणी सूर धरून ठेवायला नाही, मग बायका वर चढत जातात. तुम्ही ती एक तार वाजवत बसाल का?"

"एकच?"

"एकच."

मी त्यांना सांगितलं की हे अमेरिकन हमबकर आहेत, पूर्ण गिटारसाठी बनवलेले, आणि यावर काय काय वाजवता येतं.

"असू द्या की," रत्नाबाई म्हणाल्या. "एका जागी बसाल ना?"

मला राग आला होता. पण उषा स्टोव्हला पंप मारायची थांबून माझ्याकडे बघत होती. गुरुवारी मी रेडिओ डोक्यावर घेतला, उषाने गिटार घेतली, आणि आम्ही शेजारच्या ओट्यावर गेलो. रत्नाबाईंनी सूर सांगितला, मी जाड तार त्यावर लावली. त्या गायला लागल्या आणि मी वाजवायला लागलो. थोड्या वेळाने मला वाटलं, नुसतं काय हे. मी मधल्या तारेवर एक हरकत घेतली. रत्नाबाईंनी गाणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी परत जाड तारेवर गेलो तेव्हा पुढे चालू केलं. दुसऱ्या अभंगातही असं एकदा झालं. तिसऱ्यात झालं नाही.

एक सूर धरून ठेवणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. नखाने छेडली की तार टणकन बोलायची, आणि बायकांच्या मधे कुणीतरी खाकरल्यासारखं व्हायचं. सूर विरत आला की तो विरायच्या आत, कुणाला न कळता, पुन्हा भरायला हवा. मी अंगठ्याच्या मांसल भागाने, दांडीच्या जवळ, पुढच्या पिकपवर तार दाबून सोडायला शिकलो. तिथे तो पिकप खरोखर बोलायचा. लाकडी खोक्यातून आवाज यायचा आणि ओट्याच्या शहाबादी फरशीतून पायांना लागायचा. राहीबाई म्हणून एक आजी होती, ती मुद्दाम रेडिओला पाठ लावून बसायची. कंबरेला बरं वाटतं म्हणायची. पुढे पुढे इतर चाळींतल्या बायका भजनाला यायला लागल्या. "बन्सीभाऊ हायेत ना?" असं विचारून यायच्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या वाजवण्याची चौकशी करून येत होतं. सहा तारांतल्या पाच तारांना तिथे काम नव्हतं. मी त्या तशाच ठेवल्या, लोकांना दिसायला.

आषाढातल्या एका गुरुवारी, दिवस अजून मावळला नव्हता, भजन ऐन रंगात आलं असताना वीज गेली. रेडिओ मुका झाला. माझा अंगठा चालत होता आणि फळीवरच्या तारेची किरटी पुटपुट मला एकट्याला ऐकू येत होती. मी वर पाहिलं. कुणीतरी थांबेल, माझ्याकडे बघेल, एवढी माझी अपेक्षा होती. कुणी थांबलं नाही. टाळ चालू होते, उषाचाही चालू होता, रत्नाबाई डोळे मिटून गात होत्या. माझ्यावाचून काही अडल्याचं एकाही चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून ऐकलं.

रत्नाबाई सावकाश वर सरकत होत्या. फार नाही, केसभर. पण मला ते कळत होतं. इतके दिवस त्या एका सुरावर बसून बसून माझा कान तिथे घट्ट चिकटला होता, आणि त्या तिथून कुठे निघाल्यात हे मला रस्त्यावरचं माणूस दिसावं तसं दिसत होतं.

वीज आली. व्हॉल्व्ह तापायला लागले. मी अगदी हलकेच तार छेडली. आवाज भरत भरत आला, तो त्यांच्या खाली होता, आणि दोन सुरांमध्ये बारीकशी थरथर उठली. त्यांना खाली ओढावं असं काही मला वाटलं नाही. मी खुंटी थोडीशी पिळली, आणखी थोडी, आणि थरथर मंदावत मंदावत थांबली. रत्नाबाई डोळे न उघडता पुढच्या ओळीवर गेल्या.

भजन आटोपल्यावर रेडिओ घरात आणून ठेवला. उषा दाराशी पाय पुसत होती.

"आज मधेच तुम्ही काहीतरी केलंत," ती म्हणाली.

"काय केलं?"

"ते मला नाही सांगता येणार. पण बरं वाटलं एकदम." मग तिने पोळ्यांसाठी परात घेतली आणि मला म्हणाली की गिटार आधी जमिनीवरून उचला, पीठ सांडेल तिच्यावर.